अंतिम क्रियेचा कर्ता

ज्या क्रियेत कर्ता स्वतःच संपतो ती क्रिया त्या कर्त्याची म्हणावी काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी निद्रा, मृत्यू आणि मोक्ष या तिन्ही प्रसंगी निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. सुताराने लाकूड कापले असे म्हणताना सुतार आणि लाकूड वेगळे असतात, आणि काम झाल्यावर ‘झाले’ म्हणायला सुतार शिल्लक असतो; परंतु ज्या क्रियेचा विषय कर्ता स्वतःच आहे आणि जिच्या सिद्धीची अटच त्याचे नसणे ही आहे, तिथे ‘मी केले’ या वाक्याला उभे राहायला जागा उरत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात लोकायतांचे, म्हणजे देहालाच आत्मा मानणाऱ्यांचे, खंडन करताना नटाचा जो दृष्टांत घेतला आहे तो या अडचणीच्या अगदी जवळचा आहे: नट कितीही तयारीचा असला तरी तो स्वतःच्याच खांद्यावर चढून उभा राहू शकत नाही. भाष्यात हा दृष्टांत जाणिवेविषयी आहे, पण कर्तेपणालाही तो तितक्याच नेमकेपणाने लागू पडतो.

हाच पेच गेल्या काही दशकांत एका अनपेक्षित ठिकाणी, आणि तोही रोज कोट्यवधी वेळा, सोडवला जात आहे. माणदेशातल्या दहिवडीच्या कचेरीत किंवा म्हसवडच्या बँकेत संगणक अडकला की ‘एकदा रीस्टार्ट करा’ असे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनात ती एक कळ दाबण्याची साधी गोष्ट असते. प्रत्यक्षात रीस्टार्टची आज्ञा मिळते ती ऑपरेटिंग सिस्टमला, म्हणजे यंत्राची मेमरी, डिस्क, पडदा आणि चालू असलेली सर्व कामे यांचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रामला. आणि त्या आज्ञेचा अर्थ असा की ज्या मेमरीत तो प्रोग्राम स्वतः वावरतो आहे आणि ज्या प्रोसेसरवर तो स्वतः चालतो आहे, त्यांच्यावरचा आपला ताबा त्याने स्वतःच संपवावा आणि तरीही आपण पुन्हा सुरू होऊ याची तजवीज करावी. संगणक सुरू होण्याला ‘बूट’ होणे म्हणतात तो शब्ददेखील अशाच अशक्य कसरतीवरून, स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून, आलेला आहे. नटाचा खांदा आणि बुटाची पट्टी यांत दोन संस्कृतींनी एकच हसू हसलेले दिसते.

माणदेशात कर्तेपणाचा हा प्रश्न ग्रंथापुरता राहिलेला नाही. सातारा–पंढरपूर रस्त्यावर, दहिवडी आणि म्हसवड यांच्या दरम्यान असलेले गोंदवले बुद्रुक हे श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचे (१८४५–१९१३) गाव. येहळेगावच्या तुकामाईंकडून अनुग्रह मिळालेल्या महाराजांनी तेरा अक्षरी राममंत्राच्या स्मरणाची जी परंपरा उभी केली, तिचा तात्त्विक कणा ‘राम कर्ता’ या भावनेत आहे: प्रयत्नात कसूर ठेवू नये, पण केलेल्या कर्माचे कर्तेपण स्वतःकडे घेऊ नये, ते रामाकडे सोपवावे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक के. वि. बेलसरे यांनी या विचाराची जी मांडणी केली तिच्यामुळे तो सुशिक्षित वाचकापर्यंत पोहोचला. तथापि पाऊस पडेल की नाही याचा भरवसा नसताना दर वर्षी पेरणी करणाऱ्या प्रदेशाला तो समजावून सांगण्याची फारशी गरज कधी पडली नसावी. प्रयत्न सर्वस्वी आपला आणि सिद्धी सर्वस्वी दुसऱ्याची, या विधानातील विसंगती खरी आहे की वरवरची, हे तपासण्यासाठी रीस्टार्टइतके स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे, कारण त्यात भावनेचा, पुण्याईचा किंवा अधिकाराचा काहीही संबंध नाही आणि तरीही विसंगती जशीच्या तशी हजर आहे.

यंत्राचा जन्म कसा होतो ते आधी पाहिले पाहिजे. प्रोसेसरला ‘रीसेट’ नावाची एक तार जोडलेली असते. तिच्यावर ठरावीक संकेत आला की प्रोसेसर हातातले काम टाकतो, आपल्या अंतर्गत नोंदींना ठरीव प्रारंभिक मूल्ये देतो आणि कोणालाही न विचारता एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन तिथली पहिली सूचना पाळतो. इंटेलच्या ८०३८६ पासूनच्या प्रोसेसरांत हा पत्ता चार गिगाबाइटांच्या मर्यादेच्या सोळा बाइट अलीकडे असतो. सोळा बाइटांत फारसे काही मावत नाही, म्हणून तिथे सहसा ‘अमुक ठिकाणी जा’ एवढीच सूचना असते, आणि ते अमुक ठिकाण फर्मवेअरमध्ये असते. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या मुख्य फळीवरील चिपमध्ये कायम वस्तीला असलेला प्रोग्राम, जो वीज गेली तरी पुसला जात नाही, मेमरी आणि उपकरणे जागी करतो, आणि नंतर डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टम उचलून तिच्या हाती कारभार देतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. याला जवळची उपमा माणदेशाच्या नदीची आहे: माणगंगा महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावून गोंदवले, म्हसवड, आटपाडी असा प्रवास करीत सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते, आणि वर्षातील बराच काळ ती वाहत नाही. पण कोरड्या उन्हाळ्यानंतर पहिले लोट आले की पाण्याला वाट शोधावी लागत नाही, कारण वाट पाण्याच्या स्मरणात नसून पात्राच्या आकारात असते. फर्मवेअर हे त्या अर्थाने यंत्राचे पात्र आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टमची पंचाईत अशी की तिला आपले वाहणे थांबवून पुन्हा त्या पात्राच्या मुखाशी जायचे असते.

सरळ त्या पत्त्यावर उडी मारली तर काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. उडी मारता येते, परंतु तो पुनर्जन्म नव्हे. ते जुन्या देहात बसून जन्मकथा पुन्हा वाचणे झाले. नेटवर्क कार्ड, डिस्क, पडदा ही उपकरणे ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत राहतात, त्यांतील एखादे अजूनही जुन्या आज्ञेनुसार मेमरीत काही लिहीत असते, आणि सर्व काही कोरे आहे असे गृहीत धरून लिहिलेले फर्मवेअर त्या गोंधळात अडखळते. म्हणून खऱ्या रीस्टार्टला ती तारच हलवावी लागते, आणि ती तार प्रोसेसरच्या बाहेर आहे. प्रोग्रामला प्रोसेसरच्या आतले सर्व काही हाताळता येते. हवे असते नेमके ते, जे बाहेर आहे.

बाहेरचा हा मदतनीस कोण, याचे उत्तर इतिहासाने जरा विनोदी दिले आहे. आयबीएमने १९८४ साली पीसी-एटी हा संगणक आणला तेव्हा त्यात ८०२८६ हा प्रोसेसर होता, आणि या प्रोसेसरला दोन अवस्था होत्या: जुन्या प्रोग्रामांना चालणारी साधी अवस्था आणि जास्त मेमरी व परस्परसंरक्षण देणारी ‘प्रोटेक्टेड’ अवस्था. पहिलीतून दुसरीत जाण्याचा मार्ग होता, पण दुसरीतून पहिलीत परतण्याचा मार्गच ठेवलेला नव्हता. जुने प्रोग्राम तर चालवायचे होते. तेव्हा आराखडाकारांनी कळफलकाचे संकेत वाचणाऱ्या ८०४२ या लहानशा चिपच्या एका पायाला रीसेटची तार जोडली आणि तिला एक विशिष्ट आज्ञा दिली की ती प्रोसेसरला रीसेटचा ठोका देई अशी सोय केली. परत फिरण्यासाठी मरावे लागे. मरण्यापूर्वी बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या एका छोट्या मेमरीत ‘ही खरी सुरुवात नव्हे, अमुक जागी परत ने’ अशी खूण ठेवावी लागे. आणि जागे झालेले बायॉस ती खूण वाचून नेहमीची तपासणी टाळून सांगितलेल्या जागी जाई. एवढ्या मोठ्या प्रोसेसरच्या जन्ममरणाचा अधिकार बोटांच्या ठोक्यांची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाकडे गेला, आणि पुढे परतीचा मार्ग असलेले प्रोसेसर आले तरी तो अधिकार कोणी काढून घेतला नाही.

ज्या आश्रमातून परतीची वाट नाही असा आश्रम महाराष्ट्राला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि शास्त्रात या उलट्या प्रवासाची तरतूदच नसल्यामुळे त्यांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरा मार्ग सांगितला गेला नाही, असे परंपरा सांगते. त्या कुटुंबाच्या दुःखाची तुलना यंत्राशी करणे औचित्याला धरून होणार नाही. नोंदवायचे ते एवढेच की अवस्था बदलण्याचे नियम करणारा जेव्हा परतीचा रस्ता विसरतो तेव्हा मृत्यूलाच रस्त्याचे काम करावे लागते, आणि ही चूक धर्मशास्त्री व अभियंते या दोघांच्याही हातून घडू शकते.

कळफलकाची चिप ही पहिली दारवान झाली, एकमेव राहिली नाही. मध्यंतरीच्या काळात मुख्य फळीवरच्या नियंत्रक चिपमध्ये रीसेटसाठी खास पोर्ट आले. ‘पोर्ट’ म्हणजे प्रोसेसरने ज्या क्रमांकावर आकडा लिहिला असता तो एखाद्या उपकरणाला पोहोचतो असे दार. पुढे एसीपीआय या सामाईक मानकाच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय आली की फर्मवेअरनेच एका तक्त्यात ‘मला पुन्हा सुरू करायचे असेल तर अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहा’ असे सांगून ठेवावे. यूईएफआयने तर रीसेटची सेवाच देऊ केली, आणि तिच्यात उष्ण व शीत असे प्रकारही ठेवले. इतके मार्ग असताना अडचण उरू नये; प्रत्यक्षात अडचण मार्गांच्या संख्येतूनच निर्माण होते, कारण कोणत्या यंत्रावर कोणता मार्ग खरोखर चालतो हे बाहेरून कळत नाही. तक्त्यात दिलेला पत्ता चुकीचा असतो, सेवा बोलावली तर यंत्र गोठते, चिपला ठोका दिला तर काहीच घडत नाही, असे सर्व प्रकार आढळले आहेत.

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमने या अनिश्चिततेवर काढलेला तोडगा तिच्या उघड असलेल्या मूळ मजकुरात वाचता येतो. ती प्रथम एसीपीआयच्या तक्त्यातील पत्त्यावर आकडा लिहिते. नंतर कळफलकाच्या चिपला ठोका देते, आणि तोही एकदा नव्हे तर एका वेळी दहादा. मग पुन्हा एसीपीआय, पुन्हा कळफलक. त्यानंतर यूईएफआयची सेवा, त्यानंतर बायॉस, आणि असेच शेवटच्या उपायापर्यंत. एकच दार दोनदा ठोठावण्यामागे कोणताही सिद्धांत नाही. विंडोज असे करते, यंत्र बनवणारे आपले यंत्र मुख्यतः विंडोजवर तपासून बाजारात पाठवतात, आणि म्हणून तपासली गेलेली वाट तेवढीच भरवशाची ठरते. मानकाचा ग्रंथ एक सांगतो आणि शिष्टांचा आचार दुसरे दाखवतो, तेव्हा कोणते प्रमाण मानावे हा मीमांसकांचा जुना वाद आहे, आणि त्यांनी श्रुतीला वरचे स्थान दिले. लिनक्सच्या कर्त्यांना मात्र, ग्रंथावर श्रद्धा असूनही, आचाराच्या बाजूने कौल द्यावा लागला. शिवाय ज्या विशिष्ट यंत्रांवर हा क्रमही चालत नाही त्यांची एक यादी त्याच मजकुरात आहे, आणि प्रत्येकासमोर त्याच्यापुरता वेगळा मार्ग लिहिलेला आहे.

या क्रमाच्या प्रत्येक पायरीला एक न बोललेली अट जोडलेली आहे, आणि लिनक्सच्या मजकुरातील स्पष्टीकरणात ती बोलूनही दाखवली आहे: ‘अजून जिवंत असल्यास’. पहिला उपाय केला. अजून जिवंत असल्यास दुसरा. अजून जिवंत असल्यास तिसरा. दुसऱ्या उपायाची ओळ वाचली जाते याचाच अर्थ पहिला फसला. यश आले तर पुढची ओळ कधीच वाचली जात नाही, ‘झाले’ अशी नोंद करणारा कोणी नसतो, आणि म्हणून या क्रियेच्या कर्त्याला आपल्या क्रियेविषयी फक्त अपयशाचेच ज्ञान होऊ शकते. ‘रीस्टार्ट झाला’ हे वाक्य नेहमी पुढच्या जन्माचे असते, जो मागच्या नोंदी वाचून तसे अनुमान करतो. मागच्या जन्माला म्हणता येते ते एवढेच की अजून झाला नाही. नामधारकाने ‘मी कर्ता नाही’ असे म्हणायला सुरुवात केल्यावरही तसे म्हणणारा जो उरतो तो अद्याप कर्ताच असतो, ही साधकांची जुनी तक्रार नेमकी याच रचनेची आहे: अहंकार गेल्याची बातमी अहंकाराला देता येत नाही, आणि जोवर तो बातमी देतो आहे तोवर ती खोटी आहे.

मग अशी क्रिया घडते तरी कशी? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि ज्ञानेश्वरीने त्यांचा विस्ताराने उलगडा केला आहे: अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडते ते, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवे दैव. रीस्टार्टला ही विभागणी ओढूनताणून लावावी लागत नाही. यंत्राची फळी व प्रोसेसर हे अधिष्ठान, ऑपरेटिंग सिस्टम हा कर्ता, पोर्ट आणि तक्ते ही करणे, त्यांवर आकडे लिहिणे ही चेष्टा. आणि हे चारही यथास्थित असताना तार हलते किंवा हलत नाही, त्यामागे फळी बनवणाऱ्याने कधीकाळी केलेली जोडणी असते, जी कर्त्याला दिसत नाही आणि बदलता येत नाही. दैव या शब्दाचा अर्थ इथे लहरी असा होत नाही, अज्ञात नियम असा होतो. पाचांपैकी एकटा आपणच कर्ता आहोत असे मानणाऱ्याला गीता दुर्मती म्हणते. ज्या प्रोग्रामकाराने एकच मार्ग लिहून काम संपवले असेल त्याला ते विशेषण कधी ना कधी एखाद्या न उठणाऱ्या यंत्राने ऐकवलेच असेल.

शरणागतीचे दोन प्रकार श्रीवैष्णव परंपरेत प्राण्यांच्या पिलांवरून सांगतात. माकडीण झाडावरून उडी मारते तेव्हा पिलाने तिच्या पोटाला घट्ट धरून राहायचे असते, हा मर्कटन्याय. मांजरी पिलाला मानेकडून तोंडात उचलते तेव्हा पिलाने काहीही करायचे नसते, हा मार्जारन्याय. आतापर्यंत वर्णिलेले सर्व उपाय मर्कटन्यायाचे आहेत: कर्ता दार शोधतो, ठोठावतो, धरून राहतो. परंतु एक उपाय मार्जारन्यायाचा आहे आणि तो सर्वांत शेवटी ठेवलेला आहे. प्रोसेसरला चालता चालता एखादी चूक भेटली, उदाहरणार्थ अमान्य सूचना, तर तो एका तक्त्यात त्या चुकीवरचा उपाय पाहतो; तो उपाय चालवतानाच चूक झाली तर दुसऱ्या, अधिक गंभीर चुकीचा उपाय पाहतो; आणि तोही मिळाला नाही तर त्याच्यापाशी काहीच उरत नाही, तो थिजतो, आणि त्याचे ते थिजणे ओळखून बाहेरची फळी त्याला रीसेट देते. याला ‘ट्रिपल फॉल्ट’, म्हणजे तिहेरी चूक, म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टम मुद्दाम उपायांचा तक्ताच रिकामा करते आणि मग जाणूनबुजून एक व्यत्यय घडवते; सर्व आधार स्वतःहून काढून घेतल्यावर जे पडणे होते तेच उचलून घेणे ठरते. इथे कर्त्याने कोणाची प्रार्थना केलेली नाही, कोणत्याही दारावर तो गेलेला नाही, त्याने फक्त सावरण्याची साधने टाकून दिली. तरीही आधार टाकणे ही कृतीच आहे, आणि तक्ता रिकामा करणाऱ्या ओळीही कोणीतरी लिहाव्या लागतात. म्हणून मार्जारन्यायातले पिलू पूर्ण निष्क्रिय असते हा दावा जपूनच स्वीकारला पाहिजे.

‘राम कर्ता’ या भावनेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की ती माणसाला आळशी करते. रीस्टार्टचा पूर्वार्ध पाहिला तर आक्षेपाचे उत्तर आपोआप मिळते. तार हलवण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टम चालू असलेल्या प्रत्येक कामाला थांबण्याची सूचना देते आणि थोडा अवधी देते. जे आवरत नाहीत त्यांना मग न विचारता थांबवते. मेमरीत राहिलेले लेखन डिस्कवर उतरवते. डिस्कची दारे बंद करते. उपकरणांना शांत करते. एकापेक्षा अधिक प्रोसेसर असतील तर बाकीच्यांना थांबवून एकावरच कारभार आणते. आणि हे सर्व आटोपल्यावरच, जे आपल्या हातात नाही ते दुसऱ्याच्या हाती देते. हा क्रम उलटा केला तर शरणागती तेवढीच होईल, पण लिहिलेले हरवेल आणि डिस्क बिघडेल. गोंदवलेकर महाराजांनी दुष्काळात गावकऱ्यांना आपल्या शेतावर काम आणि अन्न दिले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याने कर्तेपण रामाकडे दिले त्याने पाऊस रामाकडे ठेवला, भाकरी मात्र स्वतःकडे ठेवली, असे त्या प्रसंगाचे वर्णन करता येईल.

पुन्हा उठलेले यंत्र हे तेच यंत्र आहे काय, हा यापुढचा आणि अधिक खोल प्रश्न आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात गाढ झोपेविषयी तो विचारलेला आहे: झोपेत जीव ब्रह्माशी एकरूप होतो असे मानले, तर जागा होणारा तोच कशावरून? पूर्वपक्ष म्हणतो की पाण्याच्या साठ्यात टाकलेला थेंब पुन्हा बाहेर काढताना तोच थेंब निघेल असे कोणी सांगू शकत नाही. उत्तर म्हणून सूत्रकार चार कारणे देतात: अर्धे राहिलेले काम तोच पुढे नेतो, आदल्या दिवसाचे त्याला स्मरण असते, श्रुती तसे सांगते, आणि जर रोज नवाच कोणी जागा होत असेल तर कर्म व ज्ञान यांविषयीचे विधी निरर्थक होतील. यंत्रात पहिली दोन कारणे शब्दशः सापडतात. आधुनिक डिस्कवर ‘जर्नल’ नावाची एक वही असते, जिच्यात बदल प्रत्यक्षात करण्यापूर्वी त्याची नोंद होते. मध्येच वीज गेली तर पुढच्या जन्मात ऑपरेटिंग सिस्टम सर्वप्रथम ती वही उघडून, पूर्ण नोंदलेली पण अमलात न आलेली कामे पुरी करते. स्मरणाच्या बाबतीत लिनक्स तर दोन वेगळ्या ओळखी ठेवते: एक यंत्राची, जी डिस्कवर लिहिलेली असून जन्मोजन्मी तीच राहते, आणि दुसरी त्या एका जन्माची, जी प्रत्येक सुरुवातीला नव्याने, यदृच्छेने निर्माण होते आणि बंद होताना नष्ट होते.

कर्मसिद्धान्तातील बारकावेही इथे भेटतात. ‘अंते मति सा गती’ ही म्हण, म्हणजे शेवटच्या क्षणी जो भाव त्याप्रमाणे पुढची गती, आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीपासून अक्षरशः खरी होती: रीस्टार्टपूर्वी मेमरीतील एका ठरावीक जागी षोडशमान पद्धतीत १२३४ हा आकडा ठेवला असेल तर जागे होणारे बायॉस मेमरीची लांबलचक परीक्षा घेत नसे, आणि दुसरे काही असेल तर सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागे. यूईएफआयमध्ये ‘पुढच्या एका वेळेपुरते अमुक ठिकाणाहून सुरू हो’ अशी नोंद ठेवता येते, आणि फर्मवेअर ती अमलात आणण्याआधीच पुसून टाकते. जे प्रारब्ध भोगायला घेतले ते साठ्यातून वजा झाले. डिस्कवरचा सारा पसारा मग संचित ठरतो.

मात्र इथेच सावध व्हावे लागते. काम पुढे जाते, स्मरण टिकते, पण यंत्रात दोन जन्मांना पाहणारा साक्षी कोणी नाही. ‘छान झोप लागली, काही कळले नाही’ असे उठल्यावर माणूस म्हणतो त्याला अद्वैती स्मरण मानतात आणि त्यावरून झोपेतही जागा असणारा साक्षी सिद्ध करतात. नैयायिक ते स्मरण नसून जागेपणीचे अनुमान आहे असे म्हणतात. यंत्राच्या बाबतीत नैयायिकांचेच म्हणणे खरे आहे, कारण नव्या जन्माजवळ नोंदींवरून केलेल्या अनुमानाखेरीज काही नसते. आणि ज्योतीने ज्योत लावावी तसा, तोही नव्हे आणि दुसराही नव्हे असा प्रवाह सांगणारा ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातील नागसेन तर त्याहून जवळचा वाटतो. यातून आत्मा नाही असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की सूत्रकारांच्या चार कारणांपैकी कर्म आणि स्मरण ही दोन एकटी पुरेशी नाहीत, कारण ती साक्षीवाचूनही उपलब्ध असू शकतात. सूत्रकारांनी पुढची दोन कारणे जोडली यामागे कदाचित हीच जाणीव असावी. त्याचप्रमाणे फर्मवेअर आणि राम यांच्यातील साम्यही एका मर्यादेपलीकडे ताणणे चुकीचे ठरेल, कारण फर्मवेअर माणसांनी लिहिलेले असते, चुकते, आणि दुरुस्तही करता येते. साम्य सोपवले जाते त्याच्या स्वरूपात नसून सोपवणाऱ्याच्या स्थितीत आहे.

ही स्थिती लिनक्सच्या कर्त्यांना ठाऊक असावी असे दर्शवणाऱ्या दोन गोष्टी तिच्या मजकुरात आहेत. रीस्टार्टची आज्ञा चुकून दिली जाऊ नये म्हणून आज्ञेसोबत दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात: पहिला षोडशमान पद्धतीत लिहिला असता ‘फील डेड’, म्हणजे ‘मेल्यासारखे वाटणे’, असा वाचता येतो, आणि दुसरा, ६७२२७४७९३, त्याच पद्धतीत २८१२१९६९ असा उमटतो, जी लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्स याची २८ डिसेंबर १९६९ ही जन्मतारीख आहे. मृत्यूच्या दाराला मृत्यू आणि जन्म अशी दोन कुलपे लावण्यात थट्टा किती आणि विचार किती हे ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट त्या शेवटच्या, आधार काढून घेणाऱ्या उपायापाशी आहे. तक्ता रिकामा होतो, व्यत्यय दिला जातो, आणि त्यापुढे प्रोग्रामकाराने स्वतःसाठी एक टीप लिहिली आहे, जी यंत्र कधीच वाचत नाही. ‘यानंतर आपण बहुधा मेलेलो असू, पण…’ असा तिचा अर्थ असून वाक्य तिथेच सोडून दिलेले आहे, आणि तिच्याखालची ओळ कळफलकाच्या चिपकडे पुन्हा वळते.